अण्णांचा कीपर

मागच्या आठवड्यात इंदूरहून प्रतीकचा फोन आला. प्रतीक म्हणजे छत्रीबागेतल्या क्रिकेट क्लबाचा आताचा सेक्रेटरी. म्हणाला, अण्णा टोकेकरांचा सत्कार ठेवलाय, स्मरणिका काढतोय, तुम्ही त्यांच्याच घरात राहिलेल्या, दोन पानं लिहून द्या. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, अच्छा-अच्छा लिखना हां." मी हो म्हटलं. फोनवर कुणाला नाही म्हणायला मला कधी जमलेलं नाही. आता लिहायला बसले आहे आणि अच्छा-अच्छा काही सुचत नाहीये. स्मरणिकेला चार ओळी वेगळ्या पाठवीन, त्यात 'क्रीडाप्रेमी' आणि 'रसिक' हे शब्द घालीन. हे मात्र जसं झालं तसं लिहिते.

आधीच सांगते, मला हा माणूस आवडत नव्हता. पण त्याच्या बोलण्याला मी कान लावून बसायचे, हेही तितकंच खरं. मी मूळची नाशिकची. फार्मसी कॉलेजात नोकरी मिळाली म्हणून इंदूरला गेले आणि अण्णांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. खाली रस्त्याला लागून ओटा. रविवारी सकाळी त्या ओट्यावर सात-आठ माणसं जमायची, कोपऱ्यावरच्या गाडीवरून पोहे यायचे, आणि उन्हं अंगावर येईपर्यंत एकच विषय चालायचा. विकेटकीपर. जुना चांगला का नवा चांगला.

तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या खेळात कीपरच का? मीही विचारलं होतं. अण्णा म्हणाले, बॅटिंग बघायला दोन डोळे पुरतात, बोलिंगला एक पुरतो, कीपिंग बघायला अक्कल लागते. म्हणजे ती त्यांना होती. स्वतः अण्णा आयुष्यात एक मॅच खेळले नव्हते. वीज मंडळात हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली, रिटायर झाले, आणि तेव्हापासून ओट्यावर न्यायाधीश. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात तो प्रकार. पण बोलायचे असं की समोरचा गप्पच व्हावा. कुणी म्हणालं की आजकालचे कीपर काय उड्या मारतात, तर अण्णा म्हणायचे, "जो चालत पोचत नाही तो उडी मारतो, भिया." कुणी टीव्हीवरच्या कीपरची शतकं मोजायला लागलं की म्हणायचे, तो कीपर नाही, ग्लव्हज घातलेला बॅट्समन आहे, उद्या धोब्याला पोळ्या करता आल्या म्हणून त्याला आचारी म्हणशील का? लोक हसायचे. मीही वर गॅलरीत हसायचे, खोटं कशाला बोलू.

माणसांना नावं ठेवायची भारी खोड. मला पहिल्या दिवसापासून 'नाशिक' म्हणायचे. "काय नाशिक, पाणी आलं का?" माझं खरं नाव त्यांना माहीत होतं का, याची मला अजून शंका आहे. बायकोला थर्ड अंपायर म्हणायचे, कारण काकू काही विचारलं की जरा थांबून उत्तर द्यायच्या. चार माणसांत हाक मारायचे, "थर्ड अंपायरला विचारा, निर्णय संध्याकाळपर्यंत येईल." काकू चहाचा ट्रे ठेवून आत जायच्या. आणि स्वतःच्या मुलाला हा माणूस एक्स्ट्रा म्हणायचा. दोन मुलींनंतर, कुणाच्या ध्यानीमनी नसताना झालेला, म्हणून एक्स्ट्रा. मुलगा पुण्याला नोकरीला आहे, दिवाळीलाही येत नाही. काकू एकदा मला जिन्यात म्हणाल्या, फोन करतो, पण मी घरी एकटी असते तेव्हाच करतो. मला इतका राग आला होता की मी त्या दिवशी अण्णांनी विचारलेल्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही.

क्लबाचा तेव्हाचा कीपर विक्की. मालव्यातल्या एका खेड्यातून आलेलं कुटुंब, बाप रिक्षा चालवायचा, पोरगा मोबाइलच्या दुकानात बसायचा. चांगला खेळायचा. पण नवा होता, म्हणजे अण्णांच्या तोंडी सापडलेला. कीपरच्या हातून झेल सुटला की अण्णा त्याला पिठाची चाळणी भेट पाठवायचे, ही त्यांची जुनी रीत. एकदा एका सेमीफायनलला विक्कीच्या हातून सोपा झेल सुटला. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः चाळणी घेऊन त्याच्या दुकानात गेले, गिऱ्हाइकं उभी होती, मालक उभा होता, त्यांच्यासमोर कागद सोडून काउंटरवर ठेवली. म्हणाले, यातून जेवढं सुटतं त्यापेक्षा तुझ्या हातातून जास्त सुटतं. पोराचं तोंड उतरलं. पण त्याची आई खमकी. तिने निरोप पाठवला, चाळणी चांगली निघाली, बारीक मैदा चाळायला अजून एक हवी आहे, ती कधी पाठवताय? ओट्यावर आठवडाभर लोक हसले. अण्णा नाही हसले.

या सगळ्या नव्यांना हाणायला अण्णांच्या हातात एकच हत्यार होतं. सुधाभिया.

सुधाकर पागे, सगळी गल्ली त्यांना सुधाभिया म्हणायची, इंदुरात भैयाचं भिया होतं. तरुणपणी क्लबाचे कीपर होते. विमा कंपनीत क्लार्क म्हणून रिटायर झाले, बायको गेलेली, मुलगी देवासला. अंगाने किडकिडीत, आणि हाताची बोटं बघवत नाहीत अशी वाकडी. रविवारी ते अण्णांच्या डाव्या हाताला बसायचे आणि अण्णा त्यांच्याबद्दल बोलायचे. स्वतः ते फार थोडं बोलायचे. अण्णांनी त्यांचा हात धरून उचलायचा आणि नव्या माणसाला बोटं दाखवायची, ही बघा पदकं. सुधाभिया लाजल्यासारखे हात मागं घ्यायचे, पण दर वेळी आधी द्यायचे.

आणि मग ती स्टंपिंग. भोपाळच्या टीमविरुद्धची. माझ्या इंदूरच्या वर्षांत ती मी इतक्यांदा ऐकली की झोपेत सांगेन. विकेट ओली होती. आपला बोलर मीडियम पेस, तरी सुधा स्टंपाला चिकटून उभा. बॉल लेगला गेला, बॅट्समनच्या अंगाआड, म्हणजे कीपरला दिसायचा प्रश्नच नाही. बॅट्समनची टाच एवढी, अगदी एवढी उचलली, आणि सुधाने बॉल उचलून बेल उडवली ते एकाच हालचालीत. एक हालचाल, दोन नाही. इथे अण्णा ओट्यावर उकिडवे बसून करून दाखवायचे. पहिल्या वर्षी मी ऐकलं तेव्हा बॅट्समनने जाताना सुधाभियांचा खांदा थोपटला होता. दोन-तीन वर्षांत तो हात जोडून गेला. पुढे पुढे भोपाळची सगळी टीम उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. एकदा सुधाभिया हळूच म्हणाले की त्या दिवशी विकेट ओली नव्हती बहुतेक, ऊन होतं. अण्णा त्यांच्यावर वस्कन ओरडले, "तुला काय मालूम? तू खेळत होतास. मी बघत होतो."

पुढच्या रविवारी विकेट ओलीच होती.

मी औषधांच्या कॉलेजात शिकवते म्हटल्यावर अख्खी गल्ली माझ्याकडे चिठ्ठ्या घेऊन यायची. तसे एका दुपारी सुधाभिया वर आले. खिशातून डोळ्यांच्या थेंबांच्या दोन बाटल्या काढल्या आणि विचारलं की यातली सकाळची कुठली आणि रात्रीची कुठली. दोन्ही बाटल्यांवर ठसठशीत लिहिलेलं होतं, झाकणांचे रंगही वेगळे. मी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनीच सांगितलं. काचबिंदू. उजवा डोळा गेल्यातच जमा आहे, डावा समोरचं थोडं दाखवतो, बाजूचं सगळं काळं. डॉक्टरकडे अण्णाच घेऊन गेले होते, त्यामुळे अण्णांना सगळं माहीत आहे. मी बाटल्यांना एकेक रबरबँड लावून दिलं, सकाळच्या बाटलीला एक, रात्रीच्या बाटलीला दोन. जाताना ते दारात थांबले. "मॅडम, ओट्यावर काही बोलू नका. घरी मी कुणी नाही. तिथे बसलो की मी अजून कीपर असतो."

मी कुणाला बोलले नाही.

आमच्या क्लबात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, झाली की पुढच्या रविवारी जुने विरुद्ध नवे अशी मॅच व्हायची. नदीपलीकडच्या मैदानावर, टेनिस बॉलने. सगळी थट्टामस्करी. जुन्यांना आउट झाल्यावर परत बॅटिंग मिळायची, धावताना दम लागला तर पोरं त्यांच्या जागी धावायची, बायका खुर्च्या टाकून बसायच्या आणि शेवटी दाल-बाफल्यांची पंगत. सुधाभिया त्या दिवशी अंपायर व्हायचे. पांढरा कोट चढवून उभे राहायचे आणि कुणी अपील केलं की नाही म्हणायचे, त्यामुळे दोन्हीकडचे खूश.

त्या वर्षी होळीच्या आधी ओट्यावर प्रतीक यायला लागला. होय, आताचा सेक्रेटरी तोच. तेव्हा नुकताच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता, विक्कीचा जिगरी दोस्त. मोबाइलवर विक्कीचे झेल काढून आणायचा आणि अण्णांच्या नाकासमोर धरायचा. अण्णा मान फिरवायचे. एका रविवारी अण्णा नेहमीसारखे उकिडवे बसून भोपाळ करत होते. प्रतीकने ते पूर्ण होऊ दिलं, मग शांतपणे म्हणाला, "अण्णा, क़िस्सा बढ़िया है. पण तुमच्याशिवाय देखा किसने है?"

अण्णांचा चेहरा असा झाला की मला वरून वाटलं, आता हे मारणार. मारलं नाही. म्हणाले, ठीक आहे, बघायचंय ना, दाखवतो. या वेळची जुने-नवे टेनिस बॉलने नाही, कडक सीझन बॉलने होईल, आणि जुन्यांची कीपिंग सुधा करेल. मग कळेल कीपर कशाला म्हणतात. पोरांनी टाळ्या पिटल्या. सुधाभिया शेजारी कप धरून बसले होते, त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी त्याच दुपारी खाली गेले. म्हटलं, अण्णा, त्यांना दिसत नाही, तुम्हाला माहीत आहे. अण्णा पेपर वाचत होते. म्हणाले, "मालूम आहे. लेगसाइडला कुणालाच दिसत नसतं, नाशिक. कीपरला दिसावं लागत नाही, कळावं लागतं." मी म्हटलं, हे बोलायला ठीक आहे, पण चार माणसांत त्यांची शोभा होईल. तर म्हणे, ते पोरगं चार माणसांत मला खोटारडा म्हणून गेलं, त्याचं काय? मला म्हणालं. मला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाला सुधाभिया नको होते, सुधाभियांबद्दलचं आपलं मत हवं होतं. मी तोंडावर म्हटलंही तसं. अण्णांनी पेपरचं पान उलटलं.

मग मी सुधाभियांना गाठलं. म्हटलं, पाठ धरली म्हणून सांगा, ताप आला म्हणा, देवासला निघून जा. ते ऐकून घेत होते. म्हणाले, "अण्णांनी इतकी वर्षं माझं नाव जिवंत ठेवलं, मॅडम. एक दिवस उभं राहायचं तर ना कसं करू?" मी काही बोलणार तेवढ्यात ते थोडे पुढे झुकले आणि म्हणाले की हात विसरत नसतात. तेव्हा मला कळलं की यांना स्वतःलाच बघायचंय. त्यानंतर दुपारी गल्लीत सामसूम झाली की मागच्या बोळातून ठप ठप आवाज यायचा. सुधाभिया भिंतीवर रबरी बॉल मारून पकडत होते. भिंतीच्या अगदी जवळ उभे राहून. बॉल सुटला की खाली बसून हाताने जमीन चाचपायचे. मी स्वयंपाकघराची खिडकी लावून घ्यायचे.

मॅचच्या दिवशी मैदान भरलं होतं. सीझन बॉल आणि सुधाभिया, ही बातमी छत्रीबागेबाहेरही गेली होती. अण्णा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि बाउंड्रीच्या दोरीपाशी खुर्ची टाकून प्रतीकला शेजारी बसवून घेतलं होतं. म्हणाले, इथून नीट दिसतं. काकूंना डबे सांभाळायला मागं बसवलं. मी काकूंजवळून उठून अण्णांच्या खुर्चीमागं जाऊन उभी राहिले, का ते मलाही सांगता येणार नाही.

सुधाभिया मैदानात आले आणि लोक उभे राहिले. जुने पॅड, मापाने मोठे झालेले, कारण पायच बारीक झाले होते. विक्की हेल्मेट घेऊन धावत गेला, तर अण्णांनी इथूनच ओरडून परत पाठवलं, तो टोपीवर खेळलाय म्हणून. सुधाभिया स्टंपांपाशी गेले, हाताने बेल चाचपल्या, मोजून मागं सरकले आणि बसले. काय सांगू, त्या बसण्यात खरोखर काहीतरी होतं. म्हातारा माणूस उकिडवा बसला आणि म्हातारा राहिला नाही. माझा भाऊ कॉलेजच्या टीमचा कीपर होता, मला थोडं कळतं. अण्णांनी प्रतीकच्या मांडीवर चापट मारली. बघ, म्हणाले, बसणं बघ.

सुरुवातीला निभावलं. पोरं बॅटिंग करत होती आणि जुन्यांच्या मऊ बोलिंगला बॅट लागतच होती, त्यामुळे मागं काही जात नव्हतं. एकदा कव्हरमधून थ्रो आला, फेकणाऱ्याने आधी नावाने हाक मारली, आणि सुधाभियांनी तो छातीपाशी घेतला. केवढ्या टाळ्या पडल्या. अण्णा उभे राहून चारी बाजूंना बघत होते. मला वाटलं, चला, सुटलो. आता कुणीतरी पाणी मागवावं, कुणाचा तरी पाय मुरगळावा आणि हे इथेच संपावं.

मग विक्की बॅटिंगला आला. विक्कीला डोळ्यांचं काहीच माहीत नव्हतं, हे लक्षात घ्या. त्याच्या मनात फक्त चांगलं होतं. दोन-तीन बॉल त्याने आदबीने खेळले. मग एक बॉल लेगला आला, आणि विक्की दोन पावलं पुढे निघून गेला आणि मुद्दाम, अगदी मुद्दाम, बॅट बॉलवरून फिरवली. अख्ख्या मैदानाला कळलं की पोराने सुधाभियांना भोपाळवाली स्टंपिंग बक्षीस दिली आहे. क्रीजच्या बाहेर, पाठ फिरवून, उभाच राहिला.

बॉल सुधाभियांच्या पॅडच्या बाजूने मागं निघून गेला. सुधाभियांचे हात लेगला गेले, मिटले, वळले आणि बेल उडाल्या. एका हालचालीत. तसं सुंदर मी पुन्हा बघितलं नाही. आणि मग ते अंपायरकडे वळले, दोन्ही ग्लव्हज वर केले आणि घसा फुटेस्तोवर अपील केलं.

ग्लव्हजमध्ये काही नव्हतं. बॉल मागं दोरीपाशी जाऊन थांबला होता.

अंपायर त्यांच्याच वेळचा होता, त्याला काय करावं सुचेना. सुधाभिया हात वर करून उभेच. चेहऱ्यावर हसू. आणि मग कुणीतरी हसलं. मी खुर्चीमागंच उभी होते म्हणून सांगते, पहिलं हसणं अण्णांचं होतं. फुसकन आलेलं नाही, चांगलं पोटातून. मग प्रतीक हसला, मग पोरं, मग सगळं मैदान. बायकासुद्धा. विक्की धावत गेला, त्यांचे वर केलेले हात खाली घेतले आणि म्हणत राहिला, आउट आहे भिया, आउट, मी चाललो. पण हसणं ऐकू न येण्यासारखं नव्हतं. सुधाभियांनी ग्लव्हज एकमेकांवर दाबून बघितले. मग विक्कीला विचारलं, "बॉल किधर है, बेटा?"

विक्कीला रडू फुटलं. तो बॅट तिथेच टाकून मैदानाबाहेर गेला आणि जेवायलाही थांबला नाही.

मला वाटलं होतं, अण्णा आता तोंड लपवतील. छे. बाफले फोडता फोडता या माणसाने दोन वाट्यांचे ग्लव्हज केले आणि सगळी स्टंपिंग करून दाखवली. अपीलसकट. सुधाभिया त्याच पंगतीत, चार माणसं सोडून, तूप वाढून घेत होते. मी पानावरून उठले. म्हटलं, लाज नाही वाटत तुम्हाला? अण्णांना खरंच आश्चर्य वाटलं. म्हणाले, "नाशिक, आपलं मत बदलायला हिंमत लागते. अपन ने बदल दिया. कीपर विक्कीच."

आणि खरोखरच बदललं. पुढच्या रविवारपासून ओट्यावर विक्कीचं गुणगान. त्याचे पाय, त्याचे हात, त्याची झेप. उडी मारण्याबद्दल आता अण्णांची काही तक्रार नव्हती. प्रतीक मोबाइलवरचे झेल दाखवायचा आणि अण्णा तो हातात घेऊन, मागं नेऊन पुन्हा पुन्हा बघायचे. दोघांचं गूळपीठ जमलं ते तेव्हापासून. अण्णांचा शब्द पुन्हा शेवटचा झाला, त्यांना तेवढंच हवं होतं. विक्कीने मात्र ओट्याचा रस्ताच सोडला. दुकानातून घरी जायला त्याला लांबून वळसा पडायचा, तो घ्यायचा.

आणि नवा किस्सा. हवेला आउट केलेल्याचा. तो दर रविवारी वाढत गेला. पहिल्यांदा सुधाभियांनी एकदाच अपील केलं होतं, मग तीनदा, मग ते अंपायरशी भांडले, मग त्यांनी रिव्ह्यू मागितला. लोक पोट धरून हसायचे. तुम्हाला वाटेल सुधाभिया घरी बसले असतील. नाही. दर रविवारी यायचे, अण्णांच्या डाव्या हाताला बसायचे, आणि हसायचे. मला त्यांचाही राग यायचा. एकदा जिन्यात त्यांना म्हटलं, कशाला येता तुम्ही? ते म्हणाले की घरी तर कुणी नावही घेत नाही, मॅडम.

त्यांचा डावा डोळाही मग उतरत गेला. काठी आली. काकू त्यांच्यासाठी साखर घालून, ढवळून कप हातात द्यायला लागल्या. अण्णांनी त्यांना डॉक्टरकडे न्यायचं सोडलं होतं, तर मी दोनदा घेऊन गेले. आता काही करण्यासारखं राहिलेलं नव्हतं.

नाशिकच्या कॉलेजात मला जागा मिळाली आणि मी इंदूर सोडायचं ठरवलं. सामान बांधून झालं होतं, टेम्पो दुपारी येणार होता, आणि तो नेमका रविवार निघाला. निरोप घ्यायला खाली ओट्यावर गेले. अण्णांनी जागा करून दिली, म्हणाले, बसा नाशिक, आमचे पोहे तुम्हाला तिकडे मिळणार नाहीत. प्रतीकने त्या दिवशी ऑफिसमधला एक पाहुणा आणला होता, उज्जैनचा. अण्णांनी त्याच्यासाठी हवेचा किस्सा पहिल्यापासून शेवटपर्यंत केला. पाहुणा हसून हसून लाल झाला आणि विचारायला लागला की तो कीपर कोण होता. अण्णांनी हनुवटीने शेजारी खूण केली. पाहुण्याचं हसणं अर्ध्यावर राहिलं.

सुधाभियांना खूण दिसली नाही, पण शांतता झाली ती कळली. ते हसून घेत होते, ते थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "अण्णा, पाहुणे आलेत तर ती भोपाळवाली पण सांगा ना एकदा."

"कुठली रे?"

"लेगसाइडची. आपली."

अण्णांनी प्लेटमधला घास घेतला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आता तरी, म्हटलं, आता तरी सांगेल हा माणूस. अण्णा म्हणाले, "छोड यार. आता आठवत नाही."

सुधाभियांनी मान हलवली. मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ते स्वतः सांगायला लागले. अण्णांच्याच शब्दांत, अण्णा जिथे थांबायचे तिथेच थांबत. विकेट ओली होती. आपला बोलर मीडियम पेस. बॉल लेगला गेला, बॅट्समनच्या अंगाआड. एवढं बोलून ते अडखळले. वाकडी बोटं काठीवरून सुटून जरा वर आली आणि तिथेच राहिली. पुढचं त्यांना येईना. नेहमी त्यांनी ते ऐकलंच होतं.

"पुढे काय होतं, अण्णा?" त्यांनी विचारलं.

अण्णा तोवर पाहुण्याकडे वळून त्याला विक्कीबद्दल सांगायला लागले होते. सुधाभिया आवाजाच्या दिशेने मान तिरपी करून, हात तसेच धरून, वाट बघत बसले.